तळटीप १४ : वॅगन व्हील
१४. वॅगन व्हील – माउंटन व्ह्यू (कॅलिफोर्निया) येथील 'वॉकर्स वॅगन व्हील' हा बार; गाडीच्या चाकाशी इथे संबंध नाही. शॉकलीची सेमीकंडक्टर कंपनी सोडून आलेल्या आठ जणांनी १९५७ साली उभारलेल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरचे आणि तिच्यातून फुटून निघालेल्या कंपन्यांचे (इंटेल, १९६८, एएमडी, १९६९) इंजिनिअर संध्याकाळी इथे जमत. एरवी प्रतिस्पर्धी, पण ग्लास पुढ्यात आला की अडलेल्या कामाच्या गप्पा निघत, नव्या नोकरीचे बोलणेही होई. प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी न करण्याची अट १८७२ पासूनच्या कायद्यामुळे कॅलिफोर्नियात सहसा टिकत नसे. लेखकाने हे गाळले असले, तरी बारपेक्षा महत्त्व त्याचेच अधिक. 'सिलिकन व्हॅली' हे नाव १९७१ नंतर रूढ झाले, म्हणून या प्रकरणात नुसते 'खोरे' आहे.