तबकडीवरच्या सिंफनीचा न्याय

आंतोन ब्रुकनरची नववी सिंफनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९६५ साली डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. संचालक होते झुबिन मेहता. १९३६ साली मुंबईत जन्मलेल्या मेहतांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्यांचे नाव आपल्याकडे निघते ते अभिमानाने, आणि तो रास्तच आहे. पण ‘आपला माणूस व्हिएन्नात’ एवढ्यावर थांबलो, तर वाजवले कसे हा प्रश्न तसाच राहतो.

ख्यालाचे मुद्रण ऐकण्याची आपली सवय इथे पुरी पडत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या मापात राग मांडला. ती मांडणी हीच त्यांची निर्मिती. सिंफनीत ही मुभा नाही. स्वर, वाद्ये, क्रम सारे लिहिलेले. म्हणून तासाभराची सिंफनी त्या काळी डझनभर बाजूंवर तुकड्यातुकड्यांनी ऐकावी लागे. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यांच्या घरात झुबिन यांचा कान तयार झाला तो वडिलांच्या संगीतावर आणि अशा तबकड्यांवर. थोर वाद्यवृंद प्रत्यक्ष कसा वाजतो, हे त्यांना कळले १९५४ साली व्हिएन्नाला गेल्यावर.

स्वर तेच असतील, तर न्याय कशाचा करायचा? माझ्या मते तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात.

पहिली, पाठ कोणता. ब्रुकनर ११ ऑक्टोबर १८९६ रोजी वारला तेव्हा सिंफनीचा चौथा भाग अपुरा होता. उरलेले तीन भाग फर्डिनांड ल्योवे याने १९०३ साली सादर केले, पण स्वतःचे फेरफार करून. खटकणारे स्वरमेळ त्याने मवाळ केले. १९३२ साली म्युनिकमध्ये झीगमुंड फॉन हाउसेगर याने दोन्ही पाठ वाजवून दाखवले, तेव्हा फरक उघड झाला. म्हणजे जवळपास तीस वर्षे दाद किंवा दोष ब्रुकनरला मिळत होता आणि कानावर पडत होता ल्योवे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे ठाऊक असलेल्या वाचकाला या प्रश्नाचे मोल सांगायला नको.

दुसरी गोष्ट, संचालकाचा धीर. सुरुवातीला तंतुवाद्यांवर षड्जासारखा एक खालचा स्वर थरथरत राहतो, हॉर्न हळूहळू जागे होतात आणि बऱ्याच वेळाने सगळा वाद्यवृंद एकस्वरात कोसळतो. त्याआधीच जोर खर्ची पडला, तर या कोसळण्याला वजन उरत नाही. तिसऱ्या भागाच्या शिखरावर एक भयंकर विसंवादी स्वरमेळ येतो आणि लगेच शांतता. ही शांतता किती धरायची, हे संचालकाच्या हाती असते.

तिसरी गोष्ट, जागा आणि यंत्र. डेक्काचे व्हिएन्नातले मुद्रणस्थान असलेले सोफिएनसाल मुळात एकोणिसाव्या शतकातले स्नानगृह. पुढे ते नृत्याचे दालन झाले. तिथल्या मुद्रणांतली ऊब पुष्कळ अंशी त्या वास्तूची आणि तंत्रज्ञांची आहे. २००१ साली आगीत ते दालन जळाले. तो ध्वनी आता तबकड्यांतच उरला आहे.

या तीन गोष्टींवर मेहतांचे मुद्रण तपासले, तर त्यांचा धीर ठळकपणे जाणवतो. चढण ते घाईने चढत नाहीत; पहिल्या भागातला एकस्वर पूर्ण वजनानिशी येतो. पण शिखरावरच्या त्या स्वरमेळात मला भव्यता जास्त आणि भीती कमी ऐकू येते. विल्हेल्म फुर्टवेंग्लरने युद्धकाळातल्या बर्लिनमध्ये ७ ऑक्टोबर १९४४ रोजी केलेल्या मुद्रणात ध्वनी खरबरीत आहे, लय सतत हलते. पण तिथे तो स्वरमेळ अंगावर येतो. खरबरीतपणा यंत्राचा, भीती संचालकाची. तसेच १९६५ च्या मुद्रणातली सारी ऊब मेहतांच्या खात्यावर मांडता येणार नाही. धीर मात्र त्यांचाच.

परंडा-बार्शीकडच्या श्रोत्याला शंभर वादकांचा वाद्यवृंद गावात ऐकायला मिळत नाही. त्याला सिंफनी भेटते ती मुद्रणातूनच. म्हणून निवाडा कीर्तीवर सोडून देणे त्याला परवडणारे नाही. दोन मुद्रणे शेजारी ठेवावीत, एकच जागा दोन्हींत ऐकावी आणि कोणते श्रेय कोणाचे ते नावानिशी वेगळे करावे. मेहतांचा खरा मान राखला जातो तो अशा ऐकण्यानेच.