जॉन राजा आणि आमच्या काकू

बी. ए.ला मी इतिहास घेतला, कारण अर्थशास्त्रात आकडे होते आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी एकटाच असतो. म्हणजे डुलकीची सोय नाही! वाटलं होतं, पानिपत, अफजलखान असं काही चविष्ट पानात पडेल. पडला तो इंग्लंडचा घटनात्मक इतिहास. संगमनेरात प्रवरेच्या घाटावर बसून आम्ही थेम्सकाठच्या रनीमीडची टिपणं घोकू लागलो.

15 जून 1215 रोजी जॉन राजानं मॅग्ना कार्टावर सही केली, असं कुणी म्हणालं की सर खडू फेकून मारत. ‘सही नव्हे गाढवा, शिक्का!’ सनदेची कलमं 63. एकात काय, तर थेम्स आणि मेडवे नद्यांतले मासे धरायचे बांध काढून टाका. दुसऱ्यात, दारूला आणि धान्याला राज्यभर एकच माप. आमचं किराणा दुकान. वडील म्हणाले, ‘एवढ्यासाठी राजाच्या छातीवर बसावं लागलं? आमच्याकडे नुसता मापं तपासणारा साहेब आला तरी काम होतं.’

एकोणचाळिसावं कलम हमखास परीक्षेला. बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कुणाही मुक्त माणसाला पकडायचं नाही, डांबायचं नाही. सर पुढं हळूच सांगत, ‘बहुतेक कुळं मुक्त नव्हतीच. आणि दहा आठवड्यांत पोपनं सगळी सनदच रद्द केली!’ आम्ही खूश. रद्द झालं म्हणजे पाठ करायला नको. पण जॉन 1216 साली मेला आणि त्याच वर्षी सनद पुन्हा निघाली. मग 1217, मग 1225. इंग्रजांना आमच्या सुट्टीची किंमतच नव्हती.

त्याच सुमारास, 1975 साली, आणीबाणी आली आणि शेजारच्या मास्तरांना एका रात्री मिसाखाली उचललं. दुसऱ्या दिवशी काकू आमच्या ओट्यावर आल्या. ‘का नेलं विचारलं, तर म्हणे कारण सांगायचा नियम नाही. तू ते कायद्याचं शिकतोस ना रे? बघ की त्यात काही.’

मी वही काढली आणि एकोणचाळिसावं कलम वाचून दाखवलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले. ‘मग हे दाखव की फौजदाराला!’

‘काकू, हे साडेसातशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडचं आहे.’

‘जुनं म्हणून पितळेची भांडी टाकतो का आपण?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत फक्त मुद्दे होते.

28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. पुढं 1977 साली ज्येष्ठता डावलून त्यांना सरन्यायाधीशपद नाकारलं. त्या वर्षी माझ्या पेपरात ‘मॅग्ना कार्टाचे महत्त्व विशद करा’ हा प्रश्न आला होता. मी सहा पानं विशद केलं. काकूंचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मास्तर 1977 साली परतले, दाढी वाढवून. 1978च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ठरलं की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयानं स्वतः म्हणायला 2017 साल उजाडलं. पोपनं रद्द केलेली सनद पुढच्याच वर्षी परतली होती. आपल्याला एकेचाळीस वर्षं लागली.

ती वही अजून माळ्यावर आहे. काकूंच्या पितळेच्या भांड्यांसारखीच, अधूनमधून घासून ठेवावी लागते.