राजयक्ष्मा, विवाह आणि सीमा

राजयक्ष्म्याची जन्मकथा ही मुळात एका विसकटलेल्या संसाराची कथा आहे. दक्षाने आपल्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या. तो एकट्या रोहिणीत रमला आणि सासऱ्याच्या शापाने झिजू लागला. रोग, विवाह आणि दोष यांची गाठ आपल्या परंपरेने अशी आरंभीच मारून ठेवली. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, तरी ती गाठ पुरती सुटली नाही.

औषध नव्हते तोवर विरह हाच उपचाराचा भाग होता. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयारोग्यधाम उभारले. सांगली-मिरज परिसरातील वानलेसवाडीच्या नावात, १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांची आणि तेथील क्षयरुग्णालयाची स्मृती आहे. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि माणसांपासून दूर वास्तव्य, एवढेच वैद्यकाच्या हाती होते. पुढे १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने या दूर ठेवण्याचा आधारच काढून घेतला. नियमित औषध घेणारा रुग्ण घरी राहूनही तितकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही, असे त्यातून दिसले. आरोग्यधामांचे युग तेथून मावळू लागले.

विरह मात्र संपला नाही. त्याचे ठिकाण बदलले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा क्षयासाठी कोणी कोणास अडवीत नसे. त्या खालावलेल्या प्रकृतीने परतल्या आणि १८८७ साली पुण्यात क्षयानेच गेल्या. पुढे १९०७ च्या अमेरिकी कायद्याने क्षयरोग्यांना नावानिशी प्रवेश नाकारला. आजचा नियम तेवढा कठोर नाही, पण तो थांबवून ठेवतो. क्ष-किरण चित्रात संशय आला की तीन दिवस थुंकीचे नमुने द्यायचे. २००७ च्या सुधारित सूचनांपासून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी पुरेशी धरली जात नाही. जंतूंची वाढ होते का ते पाहणाऱ्या कल्चरसाठी आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. रोग निघालाच तर देखरेखीखाली पूर्ण उपचार, म्हणजे साधारण सहा महिने, आणि मग पुन्हा तपासणी. पती परदेशी आणि पत्नी साताऱ्यात वा सांगलीत, असे वर्ष सहज सरते.

योग्य औषधांनी संसर्गाचा धोका बहुधा काही आठवड्यांतच ओसरतो, हे खरे. पण अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवतो. म्हणून या सक्तीला वैद्यकीय अर्थ आहे, हेही मान्य केले पाहिजे. आमचा आक्षेप नियमापेक्षा त्याच्या वाचनावर आहे. कचेरीच्या लेखी हा केवळ विलंब असतो. घरात मात्र तो नवविवाहितेतली खोट म्हणून वाचला जातो. मग रोग लपवला जातो, औषध उशिरा सुरू होते आणि विलंब आणखी वाढतो. दक्षाचा शाप चंद्राच्या वर्तनाला होता. क्षयाचा जंतू कोणाचे वर्तन पाहत नाही, आणि तो झालेल्या स्त्रीला द्यायचे असते ते औषध, शाप नव्हे.