भूविज्ञान घ्यायचंय? मग नीरा कालव्यापासून सुरुवात करा

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरची पोरं घरी येतात. सोबत आई, नाहीतर मामा. प्रश्न ठरलेला: "सर, जिऑलॉजीला स्कोप काय?" हा विषय शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा उत्तर तोंडपाठ आहे. संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळ. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा. एवढं झालं की मी थेट १८७६ सालात जातो. मामा घड्याळ बघतो. बघू दे.

त्या साली दख्खनात मोठा दुष्काळ पडला. पोटासाठी दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी नीरा डावा कालवा खोदायला घेतला. १८८५ मध्ये तो वाहू लागला. पाठीशी साठा हवा म्हणून भोरजवळ भाटघरला वेळवंडीवर धरण झालं. पुरंदर, बारामती करत पाणी इंदापुरात उतरलं आणि बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. इथवरची गोष्ट प्रत्येक बारामतीकर कौतुकाने सांगतो. पुढची सांगत नाही.

पाणी मुबलक, मोजदाद ढिली आणि जमीन काळी, खोल. उसाने घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं खाली मुरलं. खाली बेसाल्टचा कातळ. तिथून त्याला लवकर वाट मिळेना, मग भूजलाची पातळी वर सरकू लागली. काळा खडक कुजून माती होते तेव्हा त्यातला सोडियम आणि चुना सुटा होतो. हे क्षार पाण्याबरोबर वर आले, उन्हाने पाणी उडालं, क्षार मागे राहिले. आधी बांधाच्या कडेला पांढरी फुली दिसते, मग उगवण विरळ होते आणि काही वर्षांत रान चोपण होतं. चोपण जमीन ज्याने कसली त्यालाच कळते. ओली असताना पाय उचलत नाही, वाळली की नांगराचा फाळ घसरतो आणि वर पाणी साचलं तरी वीतभर खाली माती कोरडी. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात, एवढाच त्याचा खुलासा.

याचा अभ्यास कुणी केला? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी. १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची त्यांची पुस्तिका छापली. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ, चहावर संशोधन करून पुण्यात आलेले. पुढे १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी सरकारने वेगळा विभाग उघडला. आज खडकवासल्याला जी जल आणि विद्युत संशोधनाची मोठी संस्था दिसते तिचं मूळ तिथे आहे. अभियंते सी. सी. इंग्लिस त्या कामातलेच. उपाय निघाला तोही साधा: चर खोदा, पाण्याला निचरा द्या. शंभर वर्षांनंतर आमच्याकडचे काही बागायतदार अजून तो ऐकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

म्हणून पोरांना सांगतो, भूविज्ञानाला जोडविषय निवडताना "सोपा कुठला" असं विचारू नका. या दोन तालुक्यांत खडकाचं शेवटी रसायनच होतं.

कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाट पोचला नाही, तिथला इतिहास विहिरीचा. आमची विहीर वडारांनी खोदली. जागा दाखवायला पाणाड्या आला होता, हातात कडुलिंबाची बेचकी. कुणी नारळ घेऊन येई, कुणी पायाळू माणूस बोलावी. पाणाड्यावर माझा विश्वास नाही, पण वडारांच्या मुकादमावर होता आणि आहे. माती, चुनखडी, मुरूम गेला की तो पहारीचा आवाज ऐकायचा. खणखणली तर काळा पाषाण; बद वाजली तर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला. मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा लागे. मांजऱ्या आणि पाषाण यांच्या सांध्यात झरा फुटायचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, दोन थरांमधल्या काळात जमीन उघडी पडून तिचा गेरू झाला, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. क्रम मुकादमाला आधीच माहीत होता. पांढऱ्या खड्यांना झिओलाइट म्हणतात, एवढीच पुस्तकाने भर घातली.

१९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे बोअरच्या गाड्या आल्या, राज्याची भूजल यंत्रणाही १९७१चीच. तिची माणसं ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. काम कंटाळवाणं आहे, पण टँकर कुठे लागणार याचा अंदाज त्याच आकड्यांवर बांधला जातो.

आणि मोरगाव. मयूरेश्वराला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की जवळच कऱ्हेच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे? राख इथली नव्हे. सुमात्रा बेटावरच्या टोबाची. तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरू, शीला मिश्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा भाग पिंजून काढला. राख कधीची, यावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो, टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. मिश्रा आणि त्यांचे सहकारी म्हणतात, जवळपास आठ लाख वर्षांची. कारण त्या गाळात चुंबकीय दिशा उलटी सापडते आणि पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या दिशेला वळलं ते पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. असा वाद बसच्या तिकिटात गाठता येतो, हे भाग्य किती कॉलेजांना असतं? पण तो समजायला भौतिकशास्त्र लागतं, नुसते हातोडे घेऊन भागत नाही.

तेव्हा अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. गावात विहीर खोदली जात असेल तर काठावर बसून थरांची वही करा, फूटपट्टी लावून. आणि मोरगावला जाऊन कऱ्हेचा काठ बघा. राखेला खरवडू मात्र नका, ती संशोधकांना हवी आहे. पदवीला जोडविषय घेताना गणित सुटलंच असेल तर संख्याशास्त्र घ्या. रसायनशास्त्र मात्र मामाने सांगितलं तरी सोडू नका.