विद्यामंदिर आणि सत्ता

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीस पहिले स्थानक लागते ते शहाडचे. उल्हास नदीचे सान्निध्य, रेयॉनचा प्रचंड कारखाना, बिर्लांनी बांधविलेले विठ्ठलमंदिर, आणि पलीकडे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर, असा हा परिसर आहे. येथे विद्यापीठ नाही. येथील मुले उच्च शिक्षणासाठी उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयात किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात जातात. पहिले १९६५ साली स्थापन झाले, दुसरे १९७२ साली. आणि दोन्ही मुंबई विद्यापीठास जोडलेली आहेत. त्यामुळे मुंबईच्या विद्यापीठात एखादे पुस्तक अभ्यासक्रमात घेतले अगर काढले, तर त्याचा परिणाम ह्या कारखान्याच्या छायेत राहणाऱ्या मुलाच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचतो. ते पुस्तक घेणार कोण, आणि काढणार कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. तो घरोघरचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा इतिहास विद्यापीठाच्या जन्मापासूनच सुरू होतो. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. मुंबईच्या विद्यापीठाचा कायदा १८ जुलै रोजी मंजूर झाला. प्रांताचा गव्हर्नर हाच कुलपती, आणि सेनेटमधील फेलो सरकारने नेमलेले, अशी त्याची रचना होती. राज्यकर्त्यांनी विद्यापीठ निर्माण केले ते आपल्या उपयोगासाठी. परंतु विद्येचा स्वभाव असा की, ती ज्याच्या हाती दिली त्याच्या आज्ञेत ती फार दिवस राहत नाही. ह्याचा अनुभव सरकारास लवकरच आला.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्यास अनुकूल ठरली नाही. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान गृहस्थ होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि रानड्यांच्या बुद्धीची त्यांना पारखही होती. तथापि सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने सरकारवर असा अभिप्राय द्यावा हे त्यांस सहन झाले नाही, आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. निबंधातील विधान खरे की खोटे ह्याचा विचार पुराव्याने व्हावयास हवा होता; तो शिक्षेने झाला. पण विचार काही थांबला नाही. १९०० साली, मृत्यूपूर्वी अवघे काही महिने, रानड्यांनी मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थिदशेत ज्या विषयावर लिहिल्याबद्दल दंड झाला, तोच विषय त्यांच्या अखेरच्या कीर्तीचे कारण झाला.

पुढील अंक लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतला. १९०२ साली विद्यापीठांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १९०४ साली विद्यापीठांचा नवा कायदा झाला. फेलोंची संख्या शंभरांवर जाऊ नये, त्यांची मुदत तहहयात नसून पाच वर्षांची असावी, आणि जुन्या तीन विद्यापीठांत निवडून आलेले फेलो वीसच असावेत, असे त्याने ठरविले. विद्यापीठाने केलेल्या नियमांत भर घालण्याचा व फेरफार करण्याचा अधिकारही सरकारने आपल्याकडे घेतला. शिक्षणाचा दर्जा सुधारणे हा कायद्याचा सांगितलेला हेतू होता, आणि सुधारणेची गरज नव्हती असेही म्हणता यावयाचे नाही. परंतु फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे अध्यापन करून नुकतेच निवृत्त झालेले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ह्या विधेयकास निकराचा विरोध केला. विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल, ही त्या विरोधामागील भीती होती. १९०७ च्या मे महिन्यात निघालेल्या रिस्ले परिपत्रकाने ती भीती अनाठायी नव्हती हे दाखविले. विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी राजकीय चळवळीत भाग घेतल्यास संस्थेचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या धोक्यात येतील, असा त्याचा आशय होता.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. दडपण परकी सरकारचेच असते असे नाही, आणि ते नेहमी हुकमाच्या रूपानेच येते असेही नाही. १९०५ साली पुण्यास विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा तीत पुढाकार घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर ह्या विद्यार्थ्यास फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. त्या वेळचे प्राचार्य रँग्लर परांजपे हे काही सरकारचे हस्तक नव्हते. स्वार्थत्यागपूर्वक शिक्षणकार्यास वाहून घेतलेले ते गृहस्थ होते. परंतु अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या चालकास पुढचा धोका आधीच दिसू लागतो, आणि मग सरकारने सांगण्यापूर्वीच तो आपल्या हाताने दार लावून घेतो. दडपणाचा हा प्रकार सर्वांत सामान्य आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

ह्याहून भयंकर उदाहरण युरोपात घडले. ७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी सरकारने केलेल्या एका कायद्याने ज्यू प्राध्यापक पदच्युत झाले. गटिंगेन येथील गणित व पदार्थविज्ञान ह्यांची जगप्रसिद्ध परंपरा त्यामुळे काही महिन्यांत विस्कटली. तेथून निघालेले मॅक्स बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात काही काळ बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकवीत होते. पिढ्यांनी जमविलेली विद्येची संपत्ती उधळावयास सत्तेस एक कायदा पुरतो. ती पुन्हा जमविता येईलच ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर हा प्रश्न मिटेल अशी अनेकांची समजूत होती. डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ साली आपल्या अहवालात विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा पुरस्कार केला. परंतु राज्यकर्ते बदलले तरी कुलपतीची खुर्ची राज्यपालांकडेच राहिली, पैसा सरकारकडेच राहिला, आणि लोकशाहीत एक नवे दडपण निर्माण झाले: रस्त्यावरील जमावाचे.

रानड्यांचे सहाध्यायी भांडारकर ह्यांच्या नावाने पुण्यास १९१७ साली प्राच्यविद्येची संस्था स्थापन झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिने सिद्ध केली. २००३ साली जेम्स लेन ह्या अमेरिकन अभ्यासकाचे शिवाजीमहाराजांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्यातील एका मजकुराने लोकांच्या भावना तीव्रपणे दुखावल्या. पुण्यातील काही इतिहासाभ्यासकांनी प्रकाशकाकडे निषेधाचे पत्र पाठविले. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. येथवरचा मार्ग सभ्य होता. परंतु प्रस्तावनेत ज्यांचे आभार मानले होते त्यांपैकी एका संस्कृत पंडिताच्या तोंडास काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत शिरून मोडतोड केली. दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखिते व कपाटे ह्यांची नासधूस झाली. संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. आलेल्या अभ्यासकास ग्रंथ दाखविले, एवढाच तिचा अपराध. ह्या घटनेने व्यथित होऊन शिवचरित्राचे साक्षेपी संशोधक गजानन मेहेंदळे ह्यांनी आपल्या शिवचरित्राच्या हस्तलिखिताची काही पाने स्वतःच नष्ट केली. शिवाजीमहाराजांच्या नावाने झालेल्या ह्या दांडगाईत अखेर शिवचरित्राचीच हानी झाली. राज्यसरकारने पुस्तकावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती रद्द केली, आणि २०१० च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१० मध्ये, मुंबई विद्यापीठावर प्रसंग आला. बी. ए. च्या इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात रोहिंटन मिस्त्री ह्यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी होती. मिस्त्री हे ह्याच विद्यापीठाचे पदवीधर. १९७१ च्या सुमारासच्या मुंबईतील एका पारशी बँक-कारकुनाची ही कथा १९९१ साली प्रसिद्ध झाली होती. तीत शिवसेना, तिचे नेते आणि डबेवाले ह्यांच्याविषयी अपमानकारक मजकूर आहे, असा आक्षेप शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने घेतला. विद्यापीठाच्या दारी पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. आणि कुलगुरू राजन वेळूकर ह्यांनी कायद्यातील तातडीच्या अधिकाराचा उपयोग करून पुस्तक अभ्यासक्रमातून काढले. परीक्षेचे वर्ष चालू होते, वर्गांत पाठ सुरू होते.

आक्षेप घेण्याचा अधिकार सर्वांस आहे. कादंबरीतील पात्राच्या तोंडचे शब्द कोणास झोंबले, तर त्याने तसे म्हणावे, लिहावे, सभा भरवावी. अभ्यासक्रम अपरिवर्तनीय असतो असेही कोणी म्हणत नाही. परंतु पुस्तक नेमण्यासाठी विषयाच्या जाणकारांचे अभ्यासमंडळ असते, आणि नेमलेले पुस्तक काढावयाचे तर त्याच मंडळाने ते पुन्हा वाचून, कारणे देऊन काढावे, ही विद्यापीठाची रीत होय. तातडीचा अधिकार आपत्तीसाठी असतो. पुस्तकाच्या होळीस आपत्ती मानून पुस्तकच काढून टाकले, तर पुढच्या वेळी काडी ओढणारास उत्तेजन मिळते. अनेक प्राध्यापकांनी व लेखकांनी ह्या निर्णयाचा निषेध केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्राचार्य फ्रेझर मस्करेन्हस ह्यांनीही उघडपणे पुस्तकाची बाजू घेतली.

सत्तेचा दुसरा, कागदोपत्री मार्गही बंद झाला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. तीनुसार उच्चशिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते, आणि कुलगुरूंची नावे राज्यसरकारच्या शिफारशीने राज्यपालांकडे जाणार होती. राज्यपालांच्या संमतीवाचून ती अडून राहिली, आणि २०२२ साली आलेल्या नव्या सरकारने ती मागे घेण्याचे ठरविले. ह्या वादात एका पक्षाने मंत्र्यांची बाजू घेतली, दुसऱ्याने राज्यपालांची. प्राध्यापकांचे म्हणणे काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. १९०४ साली गोखल्यांनी ज्याची चिंता वाहिली, तो प्रश्न सव्वाशे वर्षे होत आली तरी तेथेच आहे.

ह्या सर्व इतिहासाचे तात्पर्य एकाच पक्षावर वा एकाच सरकारवर ठपका ठेवण्याचे नाही. ग्रँटसाहेबांस साम्राज्याचा मान राखावयाचा होता, परांजप्यांस संस्था, जमावास आपले दैवत आणि कुलगुरूंस शांतता. प्रत्येकाजवळ कारण होते, आणि प्रत्येक वेळी किंमत दिली ती विद्येने. मिस्त्रींची कादंबरी पुस्तकांच्या दुकानातून नाहीशी झाली नाही. पैसे असणाऱ्यास ती विकत घेता येत होती. पण शहाडहून गाडी पकडून महाविद्यालयात येणाऱ्या, घरात पुस्तकांचे कपाट नसलेल्या मुलास ते दुकान दूर असते. त्यास वर्ग हेच ग्रंथालय आणि प्राध्यापक हाच वाटाड्या. आक्षेपार्ह वाटणारे पान शिक्षकासमवेत वाचावे, लेखकाशी मतभेद मांडावा, आणि आपला अभिप्राय आपल्या बुद्धीने ठरवावा, ही संधी त्या वर्षी त्याच्या वर्गातून गेली. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांनी पुन्हा सुरू झाली होती. त्या मुलाचा तो तास मात्र त्यास कोणी परत दिला नाही.