थायलेरिओसिसची लस आणि परदेशी रक्ताची गाय

गोचिडीतून गुरांना होणाऱ्या थायलेरिओसिस या रोगावरील लसीचा इतिहास प्रयोगशाळांत घडला असला, तरी त्याला वळण दिले ते गुरांच्या स्थलांतराने. उत्तर आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात हायलोमा प्रजातीच्या गोचिडी ‘थायलेरिया ॲन्युलाटा’ हा एकपेशीय परजीवी पसरवतात. स्थानिक गुरे त्याला बहुधा तोंड देतात; युरोपीय वंशाच्या गायीला मात्र तीव्र ताप येतो, लसिका ग्रंथी सुजतात आणि रक्तक्षय होऊन ती अनेकदा दगावते. म्हणूनच लसीची निकड प्रथम भासली ती युरोपीय गुरे नेलेल्या वसाहतींत.

फ्रेंच अल्जीरियात पाश्चर संस्थेच्या एदमाँ आणि एतिएन सेर्जाँ या बंधूंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौम्य परजीवी असलेले बाधित गुरांचे रक्त निरोगी गुरांना टोचण्याची पद्धत रूढ केली. पण अशा रक्तातून इतर रोगही पसरण्याचा धोका होता. ही अडचण दूर होण्याचा मार्ग परजीवीच्याच एका विलक्षण गुणधर्मात होता. तो गुराच्या पांढऱ्या रक्तपेशीत शिरला की तिला कर्करोगाच्या पेशीप्रमाणे अखंड विभाजित व्हायला लावतो आणि तिच्याबरोबर स्वतःही वाढत राहतो, त्यामुळे बाधित पेशी शरीराबाहेर पोषकद्रवात वाढवता येतात. १९४५ मध्ये संशोधक त्सूर यांनी पॅलेस्टाइनमध्ये हे साध्य केले. पुढे असेही आढळले की, दीर्घकाळ संवर्धन केल्यास परजीवीची मारकता ओसरते, परंतु प्रतिकारशक्ती जागवण्याची क्षमता टिकते.

भारतात हा प्रश्न तीव्र झाला तो होल्स्टीन-फ्रिजियन आणि जर्सी वळूंच्या संकरातून दूधवाढीचे धोरण स्वीकारल्यावर. महाराष्ट्रात उरळी कांचनच्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी गोठीत वीर्याद्वारे हा संकर खेडोपाडी पोहोचवला. अशा संवर्धित पेशींच्या लसीवर हिस्सारच्या कृषी विद्यापीठात संशोधन झाले आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ‘रक्षावॅक-टी’ या नावाने ती बाजारात आणली. लसीतील पेशी जिवंत राहाव्यात म्हणून ती उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात ठेवावी लागते. ज्या प्रकारच्या पात्रातून परदेशी वळूचे वीर्य गावात आले, तसेच पात्र त्याच्या संततीच्या रक्षणासाठीही लागावे, हा योगायोग बोलका आहे. वितळवलेली लस मात्र लवकर वापरावी लागते, त्यामुळे मोठ्या गोठ्यांत ती सोयीची ठरते, तर दोन-तीन गायींचा धनी गोचीडनाशकांवर आणि रोग झाल्यावर बुपार्व्हाक्वोन या औषधाच्या इंजेक्शनवर विसंबतो.