संगीताची यंत्रे आणि त्यांचे करार

संगीताचा इतिहास लिहिताना आपण घराण्यांविषयी लिहितो, गायकांविषयी लिहितो. फार झाले तर वाद्ये घडविणाऱ्या कारागिरांना एखादे पान देतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत जगातील पुष्कळसे संगीत ज्यांच्या आधाराने तयार झाले, ते तांत्रिक करार मात्र इतिहासाच्या दाराबाहेरच उभे आहेत. एक वाद्य दुसऱ्या वाद्याशी कोणत्या भाषेत बोलेल, एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये वाजेल की मुके राहील, हे या करारांनीच ठरविले. आज घरच्या संगणकावर चाली बांधू पाहणारा तरुण प्रथम विचारतो, ‘कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर किमतीत नाही आणि बटणांच्या संख्येतही नाही. ते बरेचसे या इतिहासात आहे.

१९८० च्या सुमारास सिंथेसायझर बनविणाऱ्या कंपन्यांची स्थिती भाऊबंदकीसारखी होती. एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याला ओळखत नसे. जपानमधील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांना हे बरे दिसेना. १९८१ मध्ये स्मिथ यांनी सर्व वाद्यांसाठी एकच भाषा असावी, असा प्रस्ताव अभियंत्यांच्या सभेत मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी वाद्ये एका तारेने जोडली गेली; एकावर सूर दाबला तो दुसऱ्यावरही वाजला. या भाषेचे नाव ‘मिडी’. ती वापरण्याबद्दल कोणी कोणाला मानधन द्यावयाचे नाही, असे ठरले होते. व्यापाराच्या जगात असे औदार्य क्वचितच पाहावयास मिळते.

मिडीमधून ध्वनी जात नाही. जातात त्या केवळ आज्ञा. कोणता सूर, किती जोराने, केव्हा सुरू आणि केव्हा बंद, एवढेच ती सांगते. ती पट्ट्यांच्या वाद्यांसाठी घडलेली असल्यामुळे आपल्या संगीताच्या दृष्टीने तिच्यात एक उणीव होती. सूर सरकविण्याची आज्ञा दिली की त्या वाहिनीवरचे सगळेच सूर एकदम सरकत. म्हणजे एका सुराने मींड घ्यावी आणि शेजारच्याने स्थिर राहावे, हे सरळपणे साधत नसे. तरीही ती टिकली. २०१३ मध्ये काकेहाशी आणि स्मिथ या दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तिने ही उणीवही बरीचशी दूर केली. आणि तसे करताना जुन्या वाद्यांना घराबाहेर काढले नाही.

यानंतरची हकिकत जर्मनीतील हँबुर्ग शहरातली आहे. तेथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये ‘क्युबेस’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. ते प्रथम अटारी एसटी या संगणकावर चाले. त्या संगणकाला मिडीची भोके मुळातच होती, म्हणून संगीतकारांचा त्याच्यावर लोभ जडला. पुढे संगणकांचे बळ वाढले, आणि आज्ञांबरोबर प्रत्यक्ष ध्वनीही संगणकात हाताळता येऊ लागला. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने ‘व्हीएसटी’ नावाचा संकेत प्रसिद्ध केला आणि इतरांनाही तो वापरू दिला. १९९९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा घुमारा देणारी, आवाज सुधारणारी यंत्रेच नव्हे तर सबंध वाद्येच संगणकाच्या आत वाजू लागली.

प्लग-इन म्हणतात ते हेच. त्याचे स्वरूप नीट समजले म्हणजे पुढचा सारा घोळ उलगडतो. प्लग-इन हे स्वतःच्या पायावर उभे राहणारे सॉफ्टवेअर बहुधा नसते. ते यजमानाच्या घरी राहणारा पाहुणा होय. क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर, एबलटन लाइव्ह हे यजमान. यजमान ध्वनीचा एक लहानसा तुकडा पाहुण्याच्या हाती देतो, पाहुणा त्याच्यावर संस्कार करून तो परत करतो, आणि हे देणेघेणे सेकंदात कित्येकदा चालते. ते कोणत्या रीतीने करावयाचे, याचा जो ठराव, तोच प्लग-इनचा संकेत किंवा फॉरमॅट.

दुर्दैव असे की या बाबतीत मिडीसारखा एकोपा झाला नाही. ॲपलने २००२ मध्ये लॉजिक बनविणारी इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोजवरील आवृत्ती बंद केली. ॲपलने आपल्या संगणकांसाठी ‘ऑडिओ युनिट्स’ हा स्वतःचा संकेत ठेवला. प्रो टूल्सने २०११ मध्ये ‘एएएक्स’ आणला. परिणामी लॉजिकला व्हीएसटी चालत नाही, क्युबेसला ऑडिओ युनिट्स चालत नाही, आणि प्रो टूल्सला एएएक्सशिवाय काहीच चालत नाही. रीपर आणि एबलटन लाइव्ह यांचे घर त्या मानाने मोकळे आहे; ॲपलच्या संगणकावर ते दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांना थारा देतात.

संकेत जुळला तरी काम भागत नाही. ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला सुमारे ४ गिगाबाइट स्मृतीपलीकडे पोहोचता येत नसे, म्हणून यजमान ६४ बिटांचे झाले. ३२ बिटांचा पाहुणा त्यांच्या घरी थेट राहू शकेना; मध्ये दुभाषी नेमावा लागला. २०१९ मध्ये ॲपलने ३२ बिटांचे सर्वच सॉफ्टवेअर आपल्या नव्या प्रणालीतून हद्दपार केले. २०२० मध्ये त्यांच्या संगणकांचा प्रोसेसरच बदलला, आणि पुन्हा नवा दुभाषी आला. व्हीएसटीचेही तेच झाले. तिसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली. २०१८ मध्ये स्टाइनबर्गने दुसऱ्या आवृत्तीची साधने देणे थांबविले.

यात हानी कोणाची? कंपन्यांची नव्हे. हानी होते ती रचनाकाराच्या जुन्या कामाची. कादंबरीकाराचे तीस वर्षांपूर्वीचे हस्तलिखित वाळवी लागली नसेल तर आजही वाचता येते. शाई फिकी झाली तरी अक्षर अक्षरच राहते. उलट, वीस वर्षांपूर्वी संगणकावर बांधलेली रचना उघडावी, तर सुरांच्या आज्ञा जागच्या जागी असतात, पण ज्या वाद्याला त्या उद्देशून होत्या ते वाद्यच उरलेले नसते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सुस्थितीत पडून आहेत. कागद शाबूत आहे, पण वाचणारे डोळे थोडे उरले आहेत. मात्र मोडी पुन्हा शिकता येते. बंद पडलेल्या कंपनीच्या कुलूपबंद प्लग-इनची लिपी कोण शिकविणार?

म्हणून निवड करताना प्रथम आपला संगणक कोणता ते पाहावे. मग त्यावरचा यजमान कोणते संकेत मानतो ते. आणि त्यानंतरच प्लग-इनकडे वळावे. प्लग-इन घेताना त्याचा संकेत, त्याचे बिट आणि त्याचा प्रोसेसर हे तिन्ही यजमानाशी जुळतात की नाही, हे तपासून घ्यावे. ते चालू करण्यास दर वेळी कंपनीची परवानगी लागते काय, हेही विचारावे; कारण कंपनी गेली की परवानगी देणाराही गेला. आणि रचना पूर्ण होताच प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्र डब्ल्यूएव्ही ध्वनिफीत म्हणून उतरवून ठेवावा, सोबत मिडीची फाइल जपावी. ही दोन रूपे कोणत्याही एका यजमानाची मिंधी नाहीत.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २०२२ मध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी ‘क्लॅप’ नावाचा मुक्त संकेत जाहीर केला, आणि २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटीची तिसरी आवृत्ती मुक्त परवान्याखाली आणली. १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका तारेने जे सांगितले, ते व्यापाऱ्यांना पटावयास एवढी वर्षे लागली. ज्या भाषेवर कोणा एकाची मालकी नव्हती, तीच चाळीस वर्षे अखंड बोलली गेली. ज्यांना धनी होते, त्या धन्याच्या मर्जीने जगल्या आणि त्याच्या मर्जीने मेल्या. वाद्य कोणाचेही असो, सूर सर्वांचा राहावयाचा असेल तर त्याची लिपीही सर्वांचीच असावी लागते.